शोकसिंफनीचा हिशेब: योसेफ मार्टिन क्राउस आणि राजाश्रयाची दंतकथा

१/
‘राजाश्रय होता, म्हणून कला बहरली.’ इतिहासप्रेमींच्या वर्तुळात हे वाक्य इतक्या सहजपणे फिरते की त्याला पुरावा मागावा असे कुणाला वाटतच नाही. राजवाड्याचे एक छायाचित्र, एखाद्या दरबारी कलावंताचे नाव आणि खाली हे वाक्य. आजच्या कलावंतांची आबाळ दाखवून ‘तेव्हाचे राजेच वेगळे होते’ असा उसासाही त्याला जोडला जातो. या थ्रेडमध्ये हे वाक्य अठराव्या शतकातील स्वीडनच्या दरबारात नेऊन तपासायचे आहे. साक्षीला आहे एक अल्पपरिचित सिंफनी.

२/
सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठी रचलेली, बहुधा तीन किंवा चार भागांची दीर्घ रचना. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा साचा बराचसा ठरून गेला होता: बहुधा द्रुत आरंभ, मध्ये संथ भाग, अनेकदा नृत्यलयीतील मिन्युएट आणि शेवटी पुन्हा द्रुत समारोप. योसेफ मार्टिन क्राउस याच्या ‘सिंफनी फ्युनेब्र’मध्ये, म्हणजेच शोकसिंफनीत, चार भाग आहेत, पण त्यांतील एकही द्रुत नाही. आरंभी आवाज दाबलेले टिंपनी, म्हणजे वाद्यवृंदातील मोठे नगारे, ऐकू येतात. तिसऱ्या भागात स्वीडिश चर्चमधील अंत्यविधीचे स्तोत्र येते. शेवटच्या भागात तेच स्तोत्र नव्या रूपात भेटते आणि रचना अखेर नगाऱ्यांपाशीच येऊन थांबते.

३/
ही सिंफनी १३ एप्रिल १७९२ रोजी स्टॉकहोममध्ये वाजली. स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा याचे पार्थिव त्या दिवशी रिडारहोल्म चर्चमध्ये आणले गेले होते. १६ मार्चच्या रात्री ऑपेरागृहात मुखवट्यांचा नृत्यसमारंभ रंगला असताना आंकारस्ट्रोम नावाच्या सरदाराने राजावर गोळी झाडली; २९ मार्चला राजाचा मृत्यू झाला. मृत्यू आणि सिंफनी यांत अवघे पंधरा दिवस. मे महिन्यातील दफनविधीसाठी क्राउसने गायकांसह एक स्वतंत्र शोकरचनाही केली. त्याच वर्षी १५ डिसेंबरला क्षयाने क्राउसही गेला. वय ३६ वर्षे.

४/
या तारखांवरून एक तयार कथा हाती लागते: उदार राजा, कृतज्ञ कलावंत आणि धन्यामागोमाग देह ठेवणारा सेवक. कथा डोळ्यांत पाणी आणणारी आहे. अडचण एवढीच की या कथेत क्राउसचे पद नाही, राजाचे राजकारण नाही, राजाच्या तिजोरीत पैसा भरणारी रयत नाही आणि क्राउसची हस्तलिखिते कुणी सांभाळली याचा उल्लेखही नाही. इतके सगळे वगळल्यावर जे उरते त्याला इतिहास म्हणता येत नाही. म्हणून वगळलेले एकेक पान परत जागेवर लावू.

५/
क्राउसचा जन्म १७५६ चा, जर्मनीतील मिल्टेनबर्ग या गावी. वडील माइन्झच्या राज्यातील एक अधिकारी. मुलाने माइन्झ, एर्फुर्ट आणि ग्योटिंगेन येथे कायद्याचे शिक्षण घेतले. सोबत संगीत आणि साहित्यही चालू होते. ग्योटिंगेनमध्ये स्ट्रीड्सबर्ग नावाच्या स्वीडिश सहाध्यायाने त्याला स्टॉकहोमची वाट दाखवली: तिथला राजा कलाप्रेमी आहे, नशीब काढायचे तर तिथे काढ. १७७८ मध्ये क्राउस तिथे पोहोचला. तेव्हा तो २१-२२ वर्षांचा होता.

६/
दंतकथेतला राजा गुणी माणसाला पाहताक्षणी ओळखतो. प्रत्यक्षात क्राउसने जवळपास तीन वर्षे तंगीत काढली. त्याचा पहिला ऑपेरा संगीत अकादमीने नाकारला. नियुक्ती झाली ती ‘प्रोसेर्पिन’ या ऑपेरानंतर. या ऑपेराचा आराखडा स्वतः राजाचा होता, काव्य शेलग्रेन या कवीचे, आणि सादरीकरण जून १७८१ मध्ये राजाच्याच उल्रिक्सडाल राजवाड्यात झाले. परीक्षेचा विषय राजाने दिला, परीक्षा राजाच्या घरी झाली आणि निकालही राजानेच लावला. क्राउस उपसंगीतप्रमुख झाला.

७/
याच काळाची दुसरी बाजू पाहू. जून १७८१ मध्येच मोत्सार्टचे साल्झबर्गच्या आर्चबिशपशी असलेले नाते कायमचे तुटले आणि आर्चबिशपच्या कारभाऱ्याने त्याला अक्षरशः लाथ मारून बाहेर काढले. मोत्सार्टही १७५६ चाच. एका समवयस्काला दरबाराचे दार उघडते, दुसऱ्यासाठी ते बंद होते. पुढच्या काळाने यातून दोन ठोकळे बनवले: ‘स्वतंत्र’ मोत्सार्ट आणि ‘आश्रित’ क्राउस. जर्मनीत क्राउसला ‘ओडेन्वाल्डचा मोत्सार्ट’ म्हणतात. ओडेन्वाल्ड हा तो वाढला तो प्रदेश. कौतुकासाठीसुद्धा त्याला दुसऱ्याचे नाव उसने घ्यावे लागते.

८/
दोन्ही ठोकळे फसवे आहेत. मोत्सार्टने १७८७ मध्ये व्हिएन्नाच्या सम्राटाकडे ८०० फ्लोरिन वार्षिक वेतनावर दरबारी पद स्वीकारले. आणि ज्याला दरबारी जीवनाचा आदर्श मानले जाते त्या हायडनचा एस्टरहाझी घराण्याशी १७६१ मध्ये झालेला करार वाचला तर ‘आश्रय’ या शब्दातली ऊब ओसरते. गणवेश घालायचा, दररोज हुकमासाठी हजर राहायचे, आज्ञेप्रमाणे रचना करायच्या, त्या रचना इतरांना द्यायच्या नाहीत, परवानगीवाचून दुसऱ्या कुणासाठी काही रचायचेही नाही. ही बंदी नव्या करारातून वगळली गेली ती १७७९ मध्ये, अठरा वर्षांनी.

९/
म्हणून पहिला आक्षेप शब्दालाच आहे. ‘आश्रय’ म्हटले की ऊन-पावसापासून आडोसा डोळ्यांपुढे येतो: देणारा मोठा, घेणारा उपकृत. व्यवहार मात्र नोकरीचा होता. कौशल्य, वेळ आणि कृतीवरचा हक्क एकीकडे. वेतन, वाद्यवृंद आणि प्रतिष्ठा दुसरीकडे. नोकरी चांगली असू शकते, मालक रसिकही असू शकतो. परंतु पगाराला कुणी दान म्हणत नाही. राजाने दिलेल्या पगाराला तेवढे दान म्हणायचे, ही सवय दरबारी स्तुतिपाठकांनी लावली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ती पुढे चालवण्याचे कारण नाही.

१०/
आता राजाच्या बाजूने जे बोलता येते ते पूर्ण ताकदीने मांडू. १७८२ मध्ये गुस्तावने क्राउसला सरकारी खर्चाने युरोपच्या प्रवासाला पाठवले. चार वर्षांहून अधिक काळ तो हिंडत होता: व्हिएन्ना, इटली, पॅरिस, लंडन. ग्लुकची भेट झाली, हायडनची झाली. १७८३ मधली त्याची सी मायनर सिंफनी याच प्रवासातली, आणि हायडनच्या मनात क्राउसविषयी मोठा आदर होता. एखाद्या नवख्या संगीतकाराला इतकी वर्षे केवळ शिकण्यासाठी पोसणे खुल्या बाजारात शक्य नव्हते. हे श्रेय गुस्तावचेच. ते नाकारण्याचे कारण नाही.

११/
परंतु हा प्रवास कुठल्या घटनेनंतर घडला, तेही सांगितले पाहिजे. स्टॉकहोमच्या नव्या ऑपेरागृहाच्या उद्घाटनासाठी क्राउसकडे ‘एनिअस कार्थेजमध्ये’ या भव्य ऑपेराचे काम सोपवले होते. प्रमुख भूमिका जिच्यासाठी होती ती गायिका पतीसह, कर्जे मागे ठेवून, देश सोडून निघून गेली. बेत रद्द झाला. १७८२ मध्ये उद्घाटन झाले ते ड्रेस्डेनच्या नाउमान या संगीतकाराच्या ऑपेराने. क्राउस ‘एनिअस’वर पुढे कित्येक वर्षे काम करत राहिला. तो रंगमंचावर आला १७९९ मध्ये. तोवर क्राउसला जाऊन सात वर्षे झाली होती.

१२/
दरबाराबाहेर एवढ्या मोठ्या ऑपेराला स्वीडनमध्ये दुसरी जागाच नव्हती. एकच घर, एकच मालक, एकच वेळापत्रक. तिथे एका गायिकेच्या पलायनाने एका माणसाची सर्वांत मोठी कृती त्याच्या हयातीपुरती मूक होते. राजाश्रयाचा खरा दोष हा आहे, आणि तो राजा दुष्ट असण्यावर अवलंबून नाही. राजा कितीही रसिक असला, तरी ‘इथे नाही तर तिथे’ म्हणण्याची सोय कलावंताला नसते. ज्याला नकाराची किंवा निवडीची मुभा नाही, त्याच्या कृतज्ञतेचा पुरावा म्हणून उपयोग करता येत नाही.

१३/
गुस्तावला संगीत कशासाठी हवे होते? तो निव्वळ शोकीन नव्हता. फार चतुर राज्यकर्ता होता. ऑगस्ट १७७२ मध्ये रक्तहीन बंड करून त्याने संसदेची सत्ता मोडली. पाठोपाठ जानेवारी १७७३ मध्ये स्वीडिश भाषेतील ऑपेरा राजमान्य रंगमंचावर आला. १७८६ मध्ये ‘गुस्ताव वासा’ हा ऑपेरा सादर झाला: त्यात डेन्मार्कच्या तावडीतून स्वीडन सोडवणारा पूर्वज राजा नायक होता आणि कथेचा आराखडा पुन्हा गुस्ताव तिसऱ्याचाच. राजा गादीवर, राजा आराखडाकार आणि राजाचाच पूर्वज नायक. प्रेक्षकांनी टाळ्या कशाला वाजवायच्या, हे आधीच ठरलेले होते.

१४/
ऑपेरा आणि सत्ता यांतले अंतर किती कमी होते, याचे एक चमत्कारिक उदाहरण इतिहासकार देतात. १७८८ मध्ये गुस्तावला रशियाशी युद्ध हवे होते. पण संसदेच्या संमतीवाचून आक्रमक युद्ध करण्यास मनाई होती. तेव्हा पुमाला या सीमेवरील ठिकाणी ‘रशियन’ हल्ला घडवून आणला गेला, आणि त्यासाठीचे रशियन गणवेश राजेशाही ऑपेराच्या शिंप्याकडून शिवून घेतले होते असे सांगितले जाते. जो कपडेपट रंगमंच सजवत होता, तोच रणांगणाचेही नाटक सजवू शकत होता.

१५/
क्राउसचे संगीतही या राजकारणाबाहेर नव्हते. १७८८ मध्ये तो मुख्य दरबारी संगीतप्रमुख झाला. १७८९ मध्ये स्वीडिश संसदेचे, म्हणजे रिक्सडागचे, वादळी अधिवेशन भरले. राजाने विरोधी सरदारांच्या नेत्यांना अटक करवली आणि युद्ध पुकारण्याचा हक्क स्वतःकडे घेणारा कायदा रेटून नेला. त्या अधिवेशनाशी जोडलेल्या चर्चमधील समारंभासाठी क्राउसने एक सिंफनी आणि एक संचलनसंगीत दिले. संचलनसंगीताची मूळ धून मोत्सार्टच्या ‘इडोमेनेओ’ या ऑपेरातली. सुरावट मोत्सार्टची, वाद्यवृंद राजाचा, आणि प्रसंग निरंकुश सत्तेच्या दिशेने टाकलेल्या पावलाचा.

१६/
इथे न्यायाने सांगायला हवे की १७८९ च्या त्याच बदलांनी सामान्य वर्गांना जमीन खरेदीचे आणि अनेक सरकारी पदांचे दरवाजे उघडले, सरदारांची मक्तेदारी कमी केली. राजाचा खून सरदारांच्या कटातून झाला, त्यामागे हा राग होता. परंतु याच गुस्तावने स्वीडनच्या १७६६ च्या प्रसिद्ध वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या कायद्याला १७७४ मध्ये मुरड घातली. १७७५ मध्ये दारू गाळण्याचा हक्क सरकारजमा करून त्याने शेतकऱ्यांचा रोष ओढवून घेतला. अकादमी स्थापन करणारा आणि छापखान्याला लगाम घालणारा हात एकच होता. पहिल्याचे चित्र लावायचे आणि दुसऱ्याचे झाकायचे, ही भाटगिरी झाली.

१७/
आता शोकसिंफनीकडे परत येऊ. राजाच्या अंत्यविधीचे संगीत रचणे हे मुख्य संगीतप्रमुखाचे कामच होते. ते त्याच्या पदात येत होते, जसे राज्याभिषेकाचे किंवा विवाहाचे संगीत आले असते. त्यामुळे ‘ही सिंफनी म्हणजे क्राउसच्या कृतज्ञतेचा पुरावा’ हे विधान टिकत नाही. पदावर दुसरा कुणी असता तर राजासाठी दुसरी शोकरचना झाली असती. प्रश्न असा पडतो: मग ही रचना इतकी अस्सल का वाटते?

१८/
उत्तर रचनेतच आहे. दरबारी शोकाला साधारणपणे थाट लागतो: तुताऱ्या, स्तुती, मृताच्या पराक्रमाची आठवण. क्राउसने त्यातले फारसे काही घेतले नाही. त्याने दाबलेले नगारे घेतले, आणि कुणाही स्वीडिश माणसाच्या दफनाला गायले जाणारे स्तोत्र घेतले. राजाच्या शवपेटीभोवती तेच सूर वाजले जे शेतकऱ्याच्या शवपेटीभोवती वाजत. विजयी समारोप नाही, स्वर्गारोहण नाही. नगारा वाजतो आणि थांबतो. हुकमावरून केलेले काम आणि मनापासून केलेले काम यांत वैर असावेच असे नाही. क्राउसने कर्तव्य पार पाडले आणि त्यातही स्वतःचा आवाज राखला. त्याचे मोठेपण त्याचे आहे. ते राजाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

१९/
राजाच्या मृत्यूनंतर काय झाले? कवी-गायक बेल्मन याचे उदाहरण बोलके आहे. गुस्तावने त्याला १७७६ मध्ये सरकारी लॉटरीच्या कचेरीत नावापुरते काम असलेले पद दिले होते. राजा गेला, १७९४ मध्ये बेल्मन कर्जापायी तुरुंगात होता आणि १७९५ मध्ये तोही गेला. तिकडे एस्टरहाझी घराण्यातही हेच: १७९० मध्ये निकोलाउस वारला आणि वारसाने वाद्यवृंद मोडीत काढला. हायडनजवळ कीर्ती आणि निवृत्तिवेतन होते, म्हणून तो लंडन गाठू शकला. वादकांची नावे आज कुणाला ठाऊक आहेत?

२०/
समर्थकांचा शेवटचा आणि सर्वांत वजनदार युक्तिवाद असा: ‘काहीही म्हणा, राजा नसता तर ही सिंफनीच नसती.’ हे खरे आहे. पण हे वाक्य शेवटपर्यंत नेऊन पाहावे. ज्या व्यवस्थेत एका माणसाच्या असण्यावर सिंफनी अवलंबून असते, त्या व्यवस्थेत एका गोळीने बेल्मनचाही आधार तुटतो. हेच तर विरोधकांचे म्हणणे आहे. आश्रयदात्याचे अपरिहार्य असणे हा त्या व्यवस्थेचा गौरव नव्हे. तिची सर्वांत मोठी दुर्बलता आहे.

२१/
मग टिकले काय? १७७१ मध्ये स्थापन झालेली राजेशाही संगीत अकादमी आजही आहे. १७८६ ची स्वीडिश अकादमी आजही आहे; साहित्याचे नोबेल तीच देते. या संस्थांना स्वतःचे नियम होते, सदस्य होते, एका राजापलीकडचे आयुष्य होते. गुस्तावचे खरे ऋण मानायचे तर इथे मानावे. याउलट जे थेट राजाच्या मर्जीवर उभे होते ते मर्जीनेच पडले: वडिलांना जिथे गोळी लागली ते ऑपेरागृह मुलाने, गुस्ताव चौथा आडोल्फ याने, १८०६ मध्ये बंद करून टाकले.

२२/
आणि क्राउसची हस्तलिखिते? ती जपली सिल्व्हरस्टोल्पे नावाच्या मित्राने. हा पेशाने मुत्सद्दी. त्याने क्राउसच्या रचना आणि कागदपत्रे गोळा केली, व्हिएन्नात असताना हायडनकडून त्याच्याविषयी ऐकून घेतले आणि १८३३ मध्ये, म्हणजे क्राउसच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. दरम्यान क्राउसच्या अनेक सिंफनी हरवल्या होत्या, काही दुसऱ्यांच्या नावावर फिरत होत्या. निश्चितपणे त्याच्या म्हणता येतील अशा आज जेमतेम डझनभर उरल्या आहेत. त्यांची सूची करून त्यांना क्रमांक देण्याचे काम विसाव्या शतकात बर्टिल व्हॅन बोअर या अभ्यासकाने केले. आश्रय राजाने दिला. स्मरण मित्राने आणि अभ्यासकाने दिले.

२३/
या खुनाची जगाला आठवण राहिली तीही दुसऱ्याच संगीतातून. व्हेर्दीच्या १८५९ मधील ‘मुखवट्यांचा नृत्यसमारंभ’ या ऑपेराचे मूळ कथानक गुस्तावच्या हत्येचे. परंतु रंगमंचावर राजाचा खून दाखवणे सेन्सॉरला मानवेना, म्हणून घटना स्वीडनहून उचलून अमेरिकेतील बोस्टनला न्यावी लागली. दरबाराबाहेर, तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी लिहिणाऱ्यालाही सत्तेने सोडले नाही. म्हणून ‘राजाश्रय वाईट, बाजार चांगला’ हे उलटे वाक्यही तितकेच उथळ ठरेल. पैसा कुणाचा, आणि त्या पैशाच्या बदल्यात काय बोलता येणार नाही, हा प्रश्न दोन्हीकडे विचारावाच लागतो.

२४/
तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही दरबाराचे, कुठल्याही देशातले, कौतुक वाचताना चार प्रश्न सोबत ठेवावेत. पैसा कुणाकडून आला? कलावंताला नाही म्हणता येत होते का? कृतीवर हक्क कुणाचा होता? आणि धनी गेल्यावर कलावंताचे, त्याच्या साथीदारांचे आणि त्याच्या कागदांचे काय झाले? या चारही प्रश्नांना उत्तरे देऊन जो राजा शिल्लक उरेल, त्याचे कौतुक मोकळ्या मनाने करावे. गुस्तावच्या वाट्याला त्यातून थोडे निश्चित येते. दंतकथा देते तेवढे येत नाही.

२५/
राजा रिडारहोल्म चर्चमध्ये, स्वीडनच्या राजांच्या रांगेत विसावला. क्राउसची शवपेटी हिवाळ्यात, मशालींच्या उजेडात, ब्रुन्सव्हिकेन सरोवराच्या गोठलेल्या पाण्यावरून वाहून नेली आणि पलीकडच्या तीरावर पुरली. सिंफनी फ्युनेब्र वीसेक मिनिटांची आहे. ध्वनिमुद्रणे सहज मिळतात. ऐकताना एकदा शवपेटीतला राजा विसरून पाहावे, आणि नगाऱ्यामागे उभा असलेला तो पगारी वादक आठवावा. त्याचे नाव या कथेत कुणीच नोंदवलेले नाही.